लाल रंगातला रिपोर्ट आणि वेबसाइट बनवणारी माणसं



या ब्लॉगवर एरवी मी शुगर, बीपी, थायरॉईड, पावसाळ्यातले ताप अशा विषयांवर लिहितो. आज वेबसाइट आणि मोबाइल ॲप बनवणाऱ्या लोकांच्या कामाबद्दल लिहिणार आहे. हा विषय डॉक्टरांचा कधीपासून झाला, असं तुम्ही विचाराल. पण भाईंदरला माझ्या दवाखान्यात हल्ली येणाऱ्या बऱ्याच पेशंटना आपल्या तब्येतीची पहिली बातमी माझ्याकडून कळलेली नसते. ती त्यांनी फोनवर पाहिलेली असते, आणि ती कशी दिसली यावर पुढे काय करायचं हेही त्यांनी ठरवून टाकलेलं असतं. म्हणजे पेशंट आणि माझ्यामध्ये आता आणखी एक माणूस येऊन बसला आहे. तो वेब डिझायनर. त्याला आपण कधी पाहत नाही.

एक उदाहरण देतो. साठी ओलांडलेले एक काका. डायबेटिस आणि बीपी दोन्ही, गोळ्या मात्र अगदी नियमित. त्यांनी एका लॅबमधून वर्षाची तपासणी करून घेतली. रिपोर्ट रात्री साडेदहाला ॲपवर आला. क्रिएटिनिन १.४, लॅबची वरची मर्यादा १.३. तो आकडा लाल चौकटीत, शेजारी किडनीचं चित्र आणि खाली 'अधिक जाणून घ्या' असं बटण. काकांनी बटण दाबलं. पुढच्या पानावर डायलिसिसच्या मशिनचा फोटो होता. "गोळ्यांनीच किडनी जाते" हे त्यांनी कट्ट्यावर आधी ऐकलेलं होतंच. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बीपीची गोळी बंद केली, शुगरचीही बंद केली. अडीच आठवड्यांनी डोकं दुखतंय म्हणून आले तेव्हा बीपी १९०/११० होतं आणि शुगर तीनशेच्या घरात.

"मी किडनी वाचवत होतो डॉक्टर," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, थोडा अभिमानच होता.

वाढलेलं बीपी आणि वाढलेली शुगर ही किडनी खराब होण्याची सगळ्यात मोठी दोन कारणं आहेत. माझ्याकडच्या फायलीत त्यांचे मागच्या तीन वर्षांचे आकडे होते, १.३, १.४ आणि १.३. म्हणजे नवीन काहीच घडलं नव्हतं. नवीन होता तो फक्त रंग.

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजावून सांगतो, कारण ती प्रत्येकाच्या उपयोगाची आहे. रिपोर्टवर 'नॉर्मल रेंज' छापलेली असते. बऱ्याच तपासण्यांमध्ये ती कशी ठरवतात? खूप निरोगी माणसांची तपासणी करतात आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथे येतात ती रेंज धरतात. याचा सरळ अर्थ, शंभरातल्या पाच निरोगी माणसांचा आकडाही रेंजच्या बाहेर जाणार. 'फुल बॉडी पॅकेज'मध्ये अशा वीस स्वतंत्र तपासण्या असतील, तर ठणठणीत माणसाचीही एखादी तरी तपासणी रेंजबाहेर जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. (कोलेस्टेरॉल किंवा एचबीएवनसी यांचं गणित वेगळं आहे. तिथे धोका कुठून वाढतो ते पाहून मर्यादा ठरवलेली असते.) क्रिएटिनिन तर स्नायूंवर, आदल्या दिवशी खाल्लेल्या मटणावर, पाणी कमी प्यायल्यावरही थोडं हलतं. म्हणून आम्ही एकटा आकडा पाहत नाही. आधीचे आकडे, वय, ईजीएफआर, लघवीतलं प्रोटीन, हे सगळं एकत्र पाहतो. कागदावरच्या रिपोर्टमध्ये त्या आकड्याशेजारी एक लहानशी फुली असायची, आणि तो कागद घेऊन माणूस आधी दवाखान्यात यायचा. फुली पाहून कुणी गोळ्या बंद केल्याचं मला आठवत नाही.

ही गोष्ट मी माझ्या एका पेशंटला सांगितली. ती शाळेत असल्यापासून माझ्याकडे येते, आता मीरा रोडला राहते आणि अंधेरीला एका कंपनीत वेब डिझायनर आहे. आली होती मानेच्या दुखण्यासाठी. मी सहज विचारलं, "तुम्ही लोक आकडा लाल का करता?"

ती हसली नाही. म्हणाली, "काका, लाल केला की लोक खालचं बटण जास्त दाबतात. किती जणांनी दाबलं ते मोजलेलं असतं. हिरवा करून बघतात, केशरी करून बघतात, आणि ज्यावर जास्त बोटं पडतात तो रंग राहतो. खरं सांगायचं तर तो रंग डिझायनरने निवडलेला नसतो. लोकांनी निवडलेला असतो, त्यांना न कळता."

हे ऐकल्यावर मला या कामात खरा रस वाटू लागला. तिच्याकडून जे कळलं ते माझ्या शब्दांत सांगतो.

सुरुवातीच्या वेबसाइट म्हणजे भिंतीवर लावलेला फलक. संस्थेचं नाव, पत्ता, फोन नंबर, दोन फोटो. डिझायनर पान रंगवायचा, ग्राहकाला दाखवायचा, पैसे घ्यायचा आणि पुढच्या कामाला लागायचा. छापखान्यात लग्नपत्रिका करून द्यावी तसं. गंमत म्हणजे वेबची मूळ कल्पना अशी एकतर्फी नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जो पहिला ब्राउझर लिहिला, त्यात पान वाचताही यायचं आणि बदलताही यायचं. मधली काही वर्षं हे बदलणं सामान्य माणसापासून लांब गेलं. मग २००१ मध्ये विकिपीडिया आला, २००४ मध्ये ऑर्कुट, २००५ मध्ये यूट्यूब. 'वेब २.०' हा शब्द याच सुमारास सगळ्यांच्या तोंडी झाला. आता पानावरचा मजकूर लोक भरू लागले. आणि मजकूर लोकांचा असेल तर तो किती लांब असेल, कुठल्या भाषेत असेल, त्यात शिव्या असतील की औषधाचे डोस, हे डिझायनरला आधी माहीत नसतं. तो फक्त रिकामी भांडी मांडून ठेवतो. लोक त्यात काय ओततात ते बघून रोज भांडी बदलत राहतो. काम संपतच नाही.

आपल्या वेस्टर्न लाइनचंच पाहा. एम-इंडिकेटर हे ॲप सचिन टेके यांनी २०१० मध्ये आणलं. आधी ते मुख्यतः लोकलचं टाइमटेबल होतं. पुढे त्यात प्रवासी एकमेकांना गाडी कुठे अडकली, किती उशीर आहे ते कळवू लागले, आणि विरारहून येणाऱ्या गाडीची खबर भाईंदरच्या प्लॅटफॉर्मवर इंडिकेटरच्या आधी मिळू लागली. टाइमटेबल छापणं वेगळं आणि हजारो वैतागलेल्या प्रवाशांना एकमेकांशी बोलायला जागा करून देणं वेगळं. उलट बाजूचं उदाहरण रेल्वेच्या यूटीएस ॲपचं. मोबाइलवर तिकीट मिळू लागलं तेव्हा रुळांपासून ठराविक अंतराच्या आत उभं राहून ते काढता येणार नाही, अशी सोय त्यात केलेली होती. कारण उघड आहे. टीसी दिसल्यावर तिकीट काढणारा मुंबईकर ते ॲप बनवणाऱ्यांना आधीच दिसला होता.

पण माणसांच्या वागण्याने वेबसाइट कशी वळते याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपण सगळ्यांनी अंगावर अनुभवलं आहे. कोविन.

कोविनची सुरुवात तुमच्या-आमच्यासाठी झालेलीच नव्हती. लसीच्या कुप्या कुठल्या शीतगृहात किती आहेत, तापमान किती आहे, याचा हिशोब ठेवणारी ईव्हीन नावाची सरकारी यंत्रणा २०१५ पासून चालू होती. तिच्याच पायावर कोविन उभं राहिलं. म्हणजे मूळ यंत्रणा वापरणारा माणूस कोण, तर लसीचा साठा सांभाळणारा प्रशिक्षित कर्मचारी. १६ जानेवारी २०२१ ला आम्हा आरोग्य क्षेत्रातल्या लोकांपासून लसीकरण सुरू झालं तेव्हा आमच्या याद्या संस्थांनीच वर चढवलेल्या होत्या. १ मार्चला साठीच्या पुढचे, आणि ४५ च्या पुढचे पण आजार असलेले लोक स्वतः नोंदणी करू लागले. २८ एप्रिलला संध्याकाळी चारला १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी नोंदणी उघडली आणि त्या एका दिवसात १.३ कोटींहून जास्त नावं नोंदली गेली. साठ्याच्या वहीवर सगळा देश एकदम येऊन बसला.

पुढच्या सहा आठवड्यांत काय काय झालं ते आठवा. स्लॉटची माहिती बाहेरच्या प्रोग्रॅमना मिळेल अशी सोय सरकारने खुली केली होती. लगेच तरुणांनी स्लॉट शोधून टेलिग्रामवर कळवणारी साधनं बनवली. ज्याला कोडिंग येतं त्याला स्लॉट आधी दिसू लागला. मुंबईतले तरुण ठाणे-पालघरच्या गावांतले स्लॉट पकडून गाडीने तिथे लस घ्यायला जातात, अशा बातम्या येऊ लागल्या. मग मे महिन्याच्या सुरुवातीला बुकिंगच्या वेळी वेडीवाकडी अक्षरं ओळखायची अट आली, म्हणजे कॅप्चा. बाहेरच्या प्रोग्रॅमना मिळणारी माहिती थोडी जुनी करून दिली जाऊ लागली. काही लोक स्लॉट घेऊन केंद्रावर गेलेच नाहीत, तरी त्यांना 'लस दिली' असा मेसेज आला. त्यावर ८ मे पासून चार आकडी कोड आला, जो केंद्रावर गेल्यावरच सांगायचा. वय, लसीचं नाव, फुकट की पैसे देऊन, असे फिल्टर आले. प्रमाणपत्रावर नाव आणि जन्मसाल चुकल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा जूनमध्ये ते दुरुस्त करण्याची सोय आली. यातली एकही गोष्ट कुणी जानेवारीत टेबलावर बसून आखलेली नव्हती. लोकांच्या घाईने, हुशारीने, चुकांनी आणि लबाडीने ती घडवली.

मात्र यात एक मोठी गोची आहे, आणि मला या लेखात तीच सांगायची आहे. वापरणाऱ्यांच्या वागण्यावरून साइट बदलायची, तर जे वापरूच शकत नाहीत त्यांचं काय? त्यांची बोटं पडतच नाहीत. ती मोजली जात नाहीत. कोविन सुरुवातीचे महिने फक्त इंग्रजीत होतं. ३१ मे २०२१ च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने हाच मुद्दा धरला. १८ ते ४४ वयाच्या ज्या माणसाकडे स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही, इंग्रजी नाही, त्याने काय करायचं, असा तो प्रश्न होता. त्याच आदेशात दृष्टिहीन लोकांच्या अडचणीही नोंदवल्या आहेत. ऐकू येईल असा कॅप्चा नाही, फिल्टर त्यांना वापरता येत नाहीत, नुसत्या कीबोर्डने पानावर फिरता येत नाही, बुकिंगला लागणारा वेळ पुरत नाही. तरुणांच्या प्रोग्रॅमना अडवायला उभी केलेली भिंत अंध माणसासमोर आडवी आली होती. २४ मे पासून सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा मिळाली, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कोविन मराठीसह बारा भाषांमध्ये आलं.

आपल्या मीरा-भाईंदरसारख्या गावात हे जास्त जाणवतं. इथे एका इमारतीत मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, उर्दू, कोकणी घरं असतात. उत्तनचे कोळी आहेत, काशीमिऱ्याचे कामगार आहेत, मीरा रोडचे आयटीवाले आहेत. पिनकोड पाहिले तरी भाईंदर पूर्व ४०११०५, पश्चिम ४०११०१, मीरा रोड ४०११०७. कोविनवर पिनकोडने शोधलं की फक्त त्याच पिनकोडमधली केंद्रं दिसायची. पूर्वेच्या माणसाला पूल ओलांडून पश्चिमेला काय आहे ते कळायला जिल्ह्याचं नाव टाकून शोधावं लागे. ज्याला हे माहीत होतं त्याला काहीच वाटलं नसेल.

मी हे सगळं बोललो तेव्हा ती डिझायनर म्हणाली, "काका, मी दोन संध्याकाळी तुमच्या वेटिंगमध्ये बसू का? तेव्हा ऑफिसात आम्ही ॲपॉइंटमेंटचा एक फॉर्म बनवतोय. आमच्याकडे आकडे आहेत, पण फॉर्म भरणारी माणसं मी कधी पाहिली नाहीत." पेशंटना विचारून, कुणाच्या आजाराचं काही न विचारता, ती बसली. ज्यांनी हो म्हटलं त्यांना तिने फॉर्म भरायला दिला आणि नुसतं पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने वही दाखवली. एका आजोबांनी फोनची अक्षरं मोठी करून ठेवलेली, त्यामुळे 'पुढे जा' हे बटण स्क्रीनच्या खाली गेलेलं. त्यांना वाटलं फॉर्म इथेच संपला. जन्मसालाची यादी या वर्षापासून सुरू होत होती, १९५१ पर्यंत पोचायला अंगठ्याने खूप वेळा ढकलावं लागत होतं, आणि दोनदा १९५३ वर बोट पडलं. उत्तनहून आलेल्या एका मावशींचा नंबर मुलाच्या नावावर, ओटीपी गेला तो मुलाच्या फोनवर आणि मुलगा गाडीत. एका बाईंनी आलेला ओटीपी सगळ्या वेटिंगला ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला आणि शेजारच्या मुलाने तो टाकून दिला. 'आडनाव' ही चौकट भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना, आणि एका माणसाला आडनावच नव्हतं. त्याने तिथे गावाचं नाव टाकलं.

"आमच्या आकड्यांत हे सगळे एकाच नावाखाली येतात," ती म्हणाली. "'अर्धवट सोडून गेलेले.' आम्हाला वाटायचं, यांना गरज नसेल."

दवाखान्यात आम्ही याला हिस्टरी घेणं म्हणतो. पेशंट आला नाही म्हणजे बरा झाला असं आम्ही धरत नाही. कधी तो बरा झालेला असतो, कधी पैसे नसतात, कधी दुसरीकडे गेलेला असतो, आणि कधी दगावलेला असतो. टीबीच्या उपचारात गोळ्या सोडून गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन चौकशी करतात ती यासाठीच. वेबसाइट सोडून गेलेल्या माणसाच्या घरी कुणी जात नाही.

या अडचणींमागे बऱ्याचदा शरीराची कारणं असतात, ती सांगणं माझं काम. चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण वय वाढतं तशी डोळ्यातली भिंग पिवळसर होते, मोतीबिंदू सुरू होतो, आणि फिकट अक्षर आणि पांढरी पार्श्वभूमी यांतला फरक कळेनासा होतो. चश्म्याने तो भरून निघत नाही. सध्या फॅशन असलेली करड्या रंगाची बारीक अक्षरं तरुण डिझायनरला सुबक दिसतात, आजींना ती दिसतच नाहीत. डायबेटिसमध्ये पडद्यावर परिणाम झाला तर वाचताना मधली अक्षरं गायब होऊ शकतात, आणि बोटांची संवेदना कमी झाली तर दाबलं की नाही ते कळत नाही. हात थरथरत असेल तर एकदा दाबायचं बटण दोनदा दाबलं जातं. कोरड्या, भेगाळलेल्या बोटांना टचस्क्रीन नीट दाद देत नाही, भांडी घासणाऱ्या मावशींचा तो रोजचा अनुभव आहे. लाल-हिरवा फरक न कळणारे लोकही असतात, बहुतेक पुरुष. त्यांना 'लाल म्हणजे धोका' हे दिसणारच नाही. वेबसाइटसाठी जगभर मान्य असलेली नियमावली आहे, त्यात अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान ४.५ ला १ हवा असं लिहिलेलं आहे. आपल्याकडे सरकारी वेबसाइटसाठी २००९ पासून मार्गदर्शक सूचना आहेत, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. नियम आहेत. वेटिंगमध्ये बसून पाहणारे कमी आहेत.

लोकांनी भरलेल्या मजकुराचा आणखी एक भाग आहे, तो थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वाढले की पपईच्या पानांच्या रसाचा एक तरी व्हिडिओ मला दाखवला जातो. तो आधी का दिसतो? कारण तो जास्त लोकांना आवडलेला आहे. पोटात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, तर ताबडतोब दवाखान्यात या, असं सांगणारा कंटाळवाणा व्हिडिओ खाली असतो. कुठला वर ठेवायचा याचे नियम आखणारा माणूस आता नुसता रंगरंगोटी करणारा राहिलेला नाही. त्याने काय वर ठेवलं त्यावर एखाद्याच्या घरी सलाईन कधी लागेल ते ठरू शकतं. माझ्या मते त्याने आरोग्याच्या विषयांत एखाद्या डॉक्टरला शेजारी बसवायला हवं, आणि आम्हीही बोलावल्यावर 'वेळ नाही' म्हणू नये.

आणि या कामाचा त्यांच्या अंगावर होणारा परिणाम? मीरा रोड-भाईंदर भागात या व्यवसायातली बरीच तरुण मंडळी राहतात. मान, मनगट, कोरडे डोळे, झोप. पूर्वी पान हातावेगळं केलं की ते सुटायचे. आता रात्री अकराला बदल चालू करायचा आणि पहाटेपर्यंत लोक काय करतात ते पाहत राहायचं. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद पाहा, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणा, हातात मुंग्या येत असतील किंवा पकड सैल होत असेल तर मलम चोळत बसू नका, दाखवा. माझ्या या पेशंटच्या मानेला व्यायामाने बराच आराम पडला आहे. तिच्या फॉर्ममध्ये आता जन्मसाल टाइप करता येतं आणि आडनावाची सक्ती गेली. ओटीपीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. "तो बँकेसारखा कडक ठेवा असं वरून सांगितलंय," ती म्हणाली.

आता तुमच्यासाठी. रिपोर्टमध्ये लाल दिसलं म्हणून चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आधीचे रिपोर्ट सोबत घेऊन या, कागदावर असले तरी चालतील. काही आकड्यांसाठी मात्र थांबू नये. पोटॅशियम खूप वाढलेलं, शुगर अगदी कमी, हिमोग्लोबिन एकदम उतरलेलं असेल, तर लॅबने सहसा फोन करायला हवा. त्यांनी केला नाही तर तुम्ही मला करा. घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर अक्षरं मोठी आणि ठळक करून द्या, पण नंतर त्यांची नेहमीची दोन ॲप उघडून बटणं दिसताहेत का तेही पाहा. ओटीपी मोठ्याने वाचू नका, अगदी माझ्या वेटिंगमध्येसुद्धा. आमच्या दवाखान्यातल्या ताई फॉर्म भरून देतील, ओटीपी तुम्हीच टाका.

आणि एखाद्या साइटवर अडलात तर मुकाट्याने बंद करू नका. 'अभिप्राय' किंवा 'तक्रार' असं बटण असतं, बहुतेक वेळा अगदी खाली, बारीक अक्षरांत. तिथे 'तुमचं ॲप बेकार आहे' असं लिहिलं तर कुणाला काही कळत नाही. फोन कोणता, कुठल्या पानावर होतात, काय करायचं होतं, काय दिसलं, चष्मा लावून वाचता येत होतं का, एवढं चार ओळींत मराठीत लिहा. सोबत स्क्रीनचा फोटो पाठवा. पाठवण्याआधी त्यावरचं नाव, मोबाइल नंबर आणि रिपोर्टचे आकडे झाकायला विसरू नका.